शालिग्रामच्या पुस्तकाची रुजवात

१

मी धुळ्याला कोर्टात नकला विभागात सव्वीस वर्षं काढली. नक्कल तयार झाली की तिची रुजवात घ्यायची, हे माझं काम. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. 'हं' आला की पुढं. शेवटी खाली सही करायची, 'रुजवात घेतली, बरोबर आहे.' लोक हसतात या कामाला. हसोत बापडे. माझ्या सहीखालचा एक स्वल्पविराम आजवर कुणी चुकीचा काढून दाखवला नव्हता, आणि मी त्या तोऱ्यात वावरत असे.

छप्पन्न सालच्या पौषात जळगावहून रतिलालशेठचं पत्र आलं. हे जिनिंगवाले. कापसाच्या कामानं एकदा बोटीनं फ्रान्सात मार्सेला जाऊन आले, तेव्हापासून फ्रेंच म्हटलं की हरखून जायचे. विलायतेत म्हणे फ्रेंच पुस्तकं इंग्रजीत आणणाऱ्यांचे मोठे सत्कार करतात, मग आपल्या खानदेशात मराठीत आणणाऱ्याला कुणी विचारू नये काय, असं त्यांच्या मनानं घेतलं. मंडळ काढलं. शाल, श्रीफळ, मानपत्र ठरलं. अटी दोनच होत्या. पुस्तक पुरं हवं, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसानं मुळाशी ताडून पाहून सही केलेली हवी.

"आपल्याकडे एकच पुस्तक आलं आहे," शेठनी लिहिलं होतं. "एरंडोलच्या कै. शालिग्राम मास्तरांचं. त्यांच्या पत्नीनं अंगठा उठवून अर्ज केला आहे. या मुलखात फ्रेंच जाणणारे आता आपणच उरलात."

पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात दडवलं. खोटं कशाला बोलू?

शालिग्राम आणि मी पुण्याला कॉलेजात एका खोलीत राहिलो. संस्कृत झेपेना म्हणून दोघांनी फ्रेंच घेतली. जुन्या बाजारात एक कादंबरी मिळाली ती दोघांनी मिळून घेतली. एका कालव्याच्या दारावरचा रखवालदार आहे. नावा येतात, हा दार उघडतो, नावा जातात. तीनशे पानांत एवढंच. मला चाळीस पानांत झोप आली, आणि शालिग्रामचा जीव जडला. "शेवट सांगणार नाही," म्हणायचा. "माझ्या मराठीतच वाच." पुढं तो एरंडोलला मास्तर झाला आणि पंधरा वर्षं ते पुस्तक मराठीत आणत बसला. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. लिहिता यायचं, वाचता येईना. त्यानं मला पाच पत्रं पाठवली. "चुडामण, रविवारी ये आणि नुसतं मोठ्यानं वाच. मी लिहितो. पाच प्रकरणं राहिली आहेत."

धुळ्याहून एरंडोल म्हणजे एसटीनं किती लांब? सकाळी निघालं तर दुपारी परत. पण मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. कार्तिकात तो गेला. मी दहाव्यालाही गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली.

पुस्तक अपुरं होतं, हे मला माहीत होतं. ते सांगायला तरी जायलाच हवं होतं.

२

दोन खोल्यांचं धाब्याचं घर. बाहेरच्या खोलीत बाज, आतल्या खोलीत भिंतीला लागून टेबल, आणि दोहोंच्या मधे जुन्या लुगड्याचा पडदा. वच्छलावहिनी दारात उभ्या होत्या. मी येणार हे मी कळवलं नव्हतं.

"उनात का भाऊ? या, बठा," त्या म्हणाल्या. आलात का, एवढंच विचारलं, जणू वाटच पाहत होत्या.

वहिनी पहूरकडच्या, शेतकऱ्याची लेक. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शालिग्राम पुण्याची मराठी मिरवायचा, या आपल्या खानदेशीतच बोलायच्या, आणि पंचवीस वर्षांत त्यांनी मला 'भाऊ' आणि 'तुम्ही' याखेरीज हाक मारली नव्हती. बाई वाळून कोळ झाली होती. मी धीराचे दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू द्या. पहिले वाचा."

आत टेबलावर फ्रेंच पुस्तक उघडं होतं, शेजारी बाडाचे कागद, दौत, टाक. मी म्हटलं, मास्तर गेले तेव्हाचं तसंच ठेवलंय. बायका ठेवतात.

दाराशी उजेडात बाजेवर बसून मी शेवटच्या काही प्रकरणांची रुजवात घेतली. जोडीदार नव्हता, तरी सवयीनं मूळ मोठ्यानंच वाचत होतो. भाषांतर असं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कंटाळवाणं पुस्तक, पण त्याच्या मराठीत त्या कालव्याच्या पाण्याचा गारवा अंगाला लागत होता. एकोणतिसाव्या प्रकरणाशी मजकूर संपला. पुढं कोरे कागद.

"वहिनी, पुस्तक अपुरं आहे हो. यांना चालायचं नाही."

"पुढलं बी वाची द्या, भाऊ. थोडंसं. त्यासनाकरता."

म्हटलं, बाईचं मन राहील. तिसावं प्रकरण काढून तीन पानं मोठ्यानं वाचली. मधे नावांच्या दोरखंडांचं एक लांबलचक वर्णन होतं, ते मी गाळलं. कोण ऐकतंय? वहिनींना फ्रेंच आणि पोपटाची बडबड सारखीच.

दुपारच्या गाडीनं परत आलो. घरी बायकोनं विचारलं, कसं काय झालं? म्हटलं, शालिग्राम गेला ते बरं नाही झालं, आणि जेवायला बसलो.

३

पुढच्या रविवारी शेठना द्यायला बाड आणायला म्हणून गेलो. कागद चाळले आणि हात थांबला.

तिसाव्या प्रकरणाची तीन पानं लिहिलेली होती.

अक्षर शालिग्रामचं. 'र' ची शेपटी लांब ओढलेली, 'ण' मोडका, ओळ उजवीकडे चढत गेलेली. मी सव्वीस वर्षं अक्षरं ओळखण्याचा पगार खाल्लेला माणूस. माझं टाळकंच फिरलं.

"वहिनी, हे कुणाकडून लिहून घेतलंत? माझ्या डोळ्यांत धूळ फेकता? मेलेल्या माणसाच्या अक्षराची नक्कल म्हणजे गुन्हा आहे, ठाऊक आहे का?"

मी तणतणत मूळ काढलं आणि ओळीला ओळ लावली. वाक्यं बरोबर. शब्द बरोबर. आणि दोरखंडांचं वर्णन नव्हतं. मी गाळलेलं नेमकं तेवढंच नव्हतं. ज्या वाक्याशी मी थांबलो होतो, त्याच वाक्याशी मराठीही थांबली होती.

मी बाजेवर बसलो. उभ्या एरंडोलात फ्रेंच जाणणारा माणूस नाही. असता तरी पुस्तक समोर असताना त्यानं तेवढाच भाग का गाळावा? मी वाचत होतो तेव्हा घरात वहिनी आणि मी दोघंच होतो. कोर्टात असा पुरावा आला असता तर मी काय म्हटलं असतं, याचा विचार करू लागलो.

"आता सांगस," वहिनी हळूच म्हणाल्या. "हसू नका. मास्तर ते पुस्तक मनापुढे उघाडी ठेवतस. मी मिटी ठेवस, सकाळे परत उघडं. माले वाचता येत नही, भाऊ! मी त्यासले काय वाची दाखवू? माघ लागना तव्हय पहूरले मना भाऊकडे गयथू. दुसराच दिनले हात असा दुखना की मी रडत वापस उनू."

त्यांनी उजवं मनगट पुढं केलं. मी नजर टाकली आणि लगेच फिरवली. चार बोटं आणि एक अंगठा, कुणीतरी गच्च धरून बसवल्यासारखे वळ.

"पुस्तक पुरं करी द्या. मंग माले सोडतीन. आखाजीले माले माहेर जावानं शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे साठीची म्हातारीसुद्धा माहेरी जाते, झोका बांधते. बाईनं एवढंच मागितलं होतं. मी हो म्हटलं.

तरी माझी खोड जाते कुठली? संशयी स्वभाव. म्हटलं, बघू तरी. त्या दिवशी चार पानं वाचली आणि मधेच एक वाक्य स्वतःच्या पदरचं फ्रेंचमधून ठोकून दिलं. ठेच्याला फ्रेंच शब्द सापडेना तर म्हटलं, मिरच्या दगडावर कुटून. रखवालदारानं सकाळी दोन भाकरी आणि कुटलेल्या मिरच्या खाल्ल्या. मनात हसूही आलं.

४

पुढच्या रविवारी मी उंबऱ्यातूनच कागद मागितले.

चार पानं लिहून झाली होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर स्वच्छ अक्षरात होतं, "रखवालदारानं सकाळी दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला." त्यावर एक आडवी रेघ मारलेली. आणि समासात बारीक अक्षरात:

"हे मुळात नाही. चुडामण, चेष्टा पुरे. नीट वाच."

माझ्या हातून कागद गळून पडले. बाहेर रस्त्यावर टांगा गेला, कुणी तरी भाजीवालीशी भांडत होतं, भर दुपारचं ऊन होतं, आणि माझ्या पाठीतून बर्फाचं पाणी उतरत होतं. पाठ फिरवून एसटी गाठावी असं वाटलं. वहिनी पडद्याला धरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून काय समजायचं ते त्या समजल्या.

"काय लिखेल शे, भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं. "नीट वाच म्हणतोय."

त्या रडायला लागल्या. मलाही रडू आलं. माझा मित्र होता हो तो. जिवंतपणी त्यानं एवढंच मागितलं होतं, आणि मी दिलं नव्हतं.

५

माघ, फाल्गुन, चैत्र. एक रविवार चुकवला नाही. मी दाराशी बाजेवर, रस्त्याकडे तोंड करून. वहिनी पडद्याआड. "माले आतच बठनं पडस," त्या म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही.

आता पुढच्या रविवारची वाट पाहावी लागत नव्हती. मी वाचायचो आणि पडद्याआड टाक कुरकुरायचा. मी थांबलो की तो थांबायचा. पाणी प्यायला तांब्या उचलला की दौतीच्या काठावर टाक वाजायचा, टक टक टक. कॉलेजात मी उठायला उशीर केला की शालिग्राम असाच टेबलावर टाक वाजवायचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तांब्या हातातून निसटला आणि बाज भिजली.

माझी बुद्धी मला सांगायची, अरे, वहिनीच लिहितायत. आत त्याच आहेत, टाक त्यांच्याच हातात असणार. मग मीच म्हणायचो, अर्जावर अंगठा आहे बाईचा. मग बुद्धी गप्प. पडदा बाजूला करून बघायला दोन पावलांचं काम होतं. मी एकदाही उठलो नाही. भित्रा म्हणा, मी कबूल करतो.

एवढं मात्र खरं की पुस्तक आता मला कळायला लागलं. म्हातारा रखवालदार, कालव्यावर आता नावा येत नाहीत, सरकारनं त्याला घरी जायला सांगितलंय, पण एक नाव यायची राहिली आहे म्हणून तो दार सोडत नाही. चैत्राच्या शेवटच्या रविवारी मी शेवटच्या प्रकरणात होतो. धुक्यातून नाव आली. रखवालदारानं तिला ओळखलं. त्यानं दांडीवर हात ठेवला, आणि

पान उलटलं तर पुढं पान नव्हतं.

मागचा पुठ्ठा केव्हाच गेलेला. शिवणीशी वाळवीनं खाल्लेली एक किनार तेवढी राहिली होती. एक पान, फार तर दीड. मी पुस्तक झटकलं, बाजेखाली बघितलं. पडद्याआड टाक थांबला होता.

टक. टक टक.

मग मला वाटलं, शेवट आपणच रचावा. जेमतेम चार शब्द फ्रेंचमध्ये बोललो असेन. टाक कुरकुरला नाही. दौतीवर एकदाच जोरानं वाजला, आणि मी जीभ चावली. भाषांतर आठवणीवरून होत नाही आणि अंदाजानंही होत नाही, असं तो नेहमी म्हणायचा.

त्या क्षणी मी जे केलं ते आजही मला झोपू देत नाही. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, झालं. संपलं पुस्तक."

वहिनी पडदा सारून बाहेर आल्या. बोटं शाईनं भरलेली. चेहरा असा फुलला की मला बघवेना.

"बठ्ठं झायं?"

"बठ्ठं झालं."

त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागं सरकायच्या आत ठेवलं. मग रांजणापाशी बसून त्यांनी हात घासघासून धुतले आणि लगेच गाठोडं बांधायला घेतलं. मी तिथंच बाडाला एक कोरा कागद जोडून त्यावर लिहिलं, "मूळ फ्रेंच पुस्तकाशी रुजवात घेतली. मजकूर बरोबर व पूर्ण आहे." खाली सही केली. माझी सही असली की शेवटची ओळ कुणी वाचणार नव्हतं. सव्वीस वर्षांतली पहिली खोटी सही. म्हटलं, बाई सुटते ना? मग होऊ दे एक खोटं.

६

आखाजीनंतर आठवड्यानं जळगावला समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, गुलाबपाणी. रतिलालशेठ छान बोलले. "ज्यानं पुस्तक लिहिलं त्याचं नाव जगाला ठाऊक असतं," म्हणाले. "ज्यानं ते आपल्या दारात आणून ठेवलं त्याचं नाव पुठ्ठ्यावरसुद्धा नसतं. आज आपण ते नाव मोठ्यानं घेऊ." त्यांनी ते खरंच मोठ्यानं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला.

वहिनी पहूरहून येणार होत्या. त्या एरंडोलहून आल्या. पदर डोक्यावरून ओढून, उजवा हात पदराखाली. शाल घेतली, नारळ घेतला, परत दिलेलं बाड काखेत घेतलं. चिटणिसांनी मानपत्र मिळाल्याच्या कागदावर अंगठा घ्यायला शाईची गादी पुढं केली.

वहिनींचा हात पदराबाहेर आला. तो गादीकडे गेलाच नाही. त्यानं चिटणिसांच्या बोटांतला टाक अलगद काढून घेतला आणि सही केली. 'ग्र' मधल्या 'र' ची शेपटी लांब ओढून, खाली दुहेरी रेघ मारून, शालिग्रामनं आयुष्यभर केली ती सही.

"वा! मास्तरांनी बाईंना लिहायला शिकवलं होतं तर," शेठ कौतुकानं म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

मी पहिल्या रांगेत होतो. खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसलो. वहिनी स्वतःच्या हाताकडे असं बघत होत्या की जणू तो कुणी परक्यानं त्यांच्या मांडीवर आणून ठेवलाय. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी होती. ओली होती.

खाली उतरल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "भाऊ, तुम्ही सांगं संपनं. पन मास्तर अजून बठेल शेतस. माले उठू देतस नही. पहूरले गऊच नही मी." रागावल्या नव्हत्या. आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. "काही राही गयं का, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. एक पान नाही म्हणून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ते पान आणी देशात ना?"

"आणतो वहिनी. आईची शपथ, आणतो."

७

त्याच दिवशी पुण्याला आमच्या जुन्या प्रोफेसरांना पत्र टाकलं. त्यांनी मुंबईला लिहिलं, मुंबईहून कुणी पाँडिचरीला लिहिलं. वैशाख गेला, जेठ गेला. मी दर दोन दिवसांनी पोस्टात जाऊन पोस्टमास्तरशी वाद घालायचो. मधे एरंडोलला जायला हवं होतं. कळतंय मला. पण पानाशिवाय कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत राहिलो. भादव्यात पाकीट आलं. कुणा सज्जनानं ते पान स्वच्छ अक्षरात उतरवून, खाली 'मुळाशी ताडून पाहिले' असं लिहून पाठवलं होतं. मी ऑफिसात रजेचा अर्जही न देता एसटीत बसलो.

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या बेबाबाई भेटल्या. "बरं झायं उनात," त्या म्हणाल्या. "मास्तरीनबाई बाहेर निंघतच नही. हाका मारा तं ओ देत नही. दार मातर उघडंच ऱ्हास."

दार उघडंच होतं. दुपारचा उजेड पार आतल्या खोलीपर्यंत गेलेला. पडदा काढलेला होता. चुलीत गार राख, आणि तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं. रांजण कोरडा. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. डावा हात पुस्तकाच्या खाल्लेल्या किनारीवर, उजव्या हातात टाक. समोर शेवटचा कागद. त्यावर तेच वाक्य, "त्यानं दांडीवर हात ठेवला, आणि". टाकाचं टोक त्या 'आणि' च्या पुढं टेकलेलं होतं. इतके दिवस टेकलेलं की कागदाला भोक पडलं होतं आणि खाली लाकडात खळगा झाला होता.

"वहिनी," मी म्हणालो. "पान आणलंय मी."

"आलास?" आवाज वहिनींचाच होता, तसाच बारीक. "बस. उजेड आहे तोवर सुरू कर."

मी चौकट धरली.

"वहिनी, मी चुडामण."

"ते माहीत आहे मला. किती वेळ लावलास, चुडामण! वाच आता."

पुण्याची मराठी. स्वच्छ, मास्तरी, किंचित वैतागलेली. ज्या तोंडातून ती येत होती त्या तोंडानं जन्मात असं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. मला ओरडायचं होतं. ओरडलो की नाही ते आठवत नाही. कुठून बळ आलं कुणास ठाऊक, पण मी पाकीट छातीशी धरलं आणि म्हणालो, "नाही वाचणार. आधी तिला सोड. शालिग्राम, तुझी माफी मागतो, पाया पडतो, पण आधी तिला सोड, मग एक एक अक्षर वाचून दाखवतो."

तेव्हा ती मान वळली. वहिनींचा चेहरा, वाळलेला, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा पडदा. वहिनींचे डोळे चांगले होते हो! चैत्रात त्या सुईत दोरा ओवत होत्या. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. तो नुसता गोंधळला होता.

"कुणाला सोडू?"

"वच्छलावहिनींना."

"वच्छला?" शालिग्राम म्हणाला. "ती तर आषाढातच गेली. मला वाटलं, पान मागायला तुझ्याकडे आली असेल." त्यानं खोलीभर ते आंधळे डोळे फिरवले आणि आवाज खाली आणला. "मी किती हाका मारल्या रे तिला. घरात नाही ती. तुझ्याकडे नाही आली?"

मी नाही म्हणून मान हलवली, आणि ती त्याला दिसत नाही हे लक्षात आल्यावर तोंडानं म्हणालो, "नाही."

तो टेबलाकडे वळला. एक कोरा कागद चाचपून पुढं ओढला. टाक दौतीत बुडवला.

मी बाजेवर बसलो, पाकिटातून पान काढलं आणि वाचायला लागलो. रडत होतो, तरी नीट वाचत होतो. एक शब्द गाळला नाही.